रेषेच्या मागावर: आमर्सफोर्ट ते हेग

मंगळवार, आमर्सफोर्ट

भाचीकडे आम्स्टलव्हेनला जायचं नक्की झालं तेव्हाच मी तिला फोनवर सांगून टाकलं, की ट्यूलिपच्या बागा राहिल्या तरी चालतील, मला डच चित्रकार पीट मोंद्रियानच्या गावांना जायचंय. मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना संकल्पचित्र समजावताना मोंद्रियानचं नाव हमखास निघतं. काळ्या आडव्या-उभ्या रेषा, मध्ये लाल, निळे, पिवळे चौकोन. पिशव्या, कप, कपडे, सगळीकडे ते छापलेले असतात, त्यामुळे मुलांना ओळख पटकन पटते. मात्र हा माणूस तिथवर पोचला तेव्हा पन्नाशीला टेकला होता, आणि त्याआधी वीस-पंचवीस वर्षं त्याने झाडं, गायी, नद्या, चर्च आणि फुलंच रंगवली, हे फारसं कुणी सांगत नाही. ती मधली वाट मला त्या त्या जागी उभं राहून बघायची होती.

आम्स्टरडॅमहून आमर्सफोर्टला रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. जुनं गाव कालव्यांनी वेढलेलं आहे, विटांची घरं, दगडी फरशीचे रस्ते. कोर्तेग्राख्ट 11 या घरात 7 मार्च 1872 रोजी मोंद्रियानचा जन्म झाला. वडील प्रॉटेस्टंट शाळेचे मुख्याध्यापक होते आणि चित्रकला शिकवण्याची परवानगीही त्यांच्याकडे होती. शाळा घराला लागूनच. आता या दोन्ही वास्तूंत मिळून मोंद्रियानहाउस हे संग्रहालय आहे.

इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती त्याच्या पॅरिसच्या खोलीत. मॉंपार्नास स्टेशनजवळ रू द्यू देपार 26 इथे तो 1921 ते 1936 राहिला. ती इमारत पाडली गेली, पण जुन्या फोटोंवरून खोली इथे पुन्हा उभी केली आहे. पांढऱ्या भिंती आणि त्यांवर रंगीत पुठ्ठ्याचे आयत लावलेले. हे पुठ्ठे तो सतत हलवून बघायचा. माझं लक्ष वेधलं ते वेगळ्याच गोष्टीने. खोली काटकोनी नाही. एक भिंत तिरकी जाते, कोपरे वेडेवाकडे आहेत. काटकोनाशिवाय दुसरा कोन चित्रात न घेणारा हा माणूस पंधरा वर्षं अशा खोलीत राहिला आणि पुठ्ठ्यांच्या जोरावर तिला तोलात आणत राहिला. 1930 मध्ये अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर इथे आला होता. हे आयत हलते केले तर मजा येईल, असं त्याने सुचवलं. मोंद्रियान गंभीरपणे म्हणाला, गरज नाही, माझं चित्र मुळातच फार वेगवान आहे. काल्डर या भेटीने इतका हलला की त्यानंतर तो अमूर्त कलेकडे वळला, आणि पुढे त्याची हलती शिल्पं आली.

बाहेर आल्यावर गावातला उंच मनोरा पाहिला. सुमारे 98 मीटरचा ओन्ज लीव्ह व्राउ मनोरा. त्याखालचं चर्च 1787 मध्ये बारुदाच्या स्फोटात उडालं, मनोरा तेवढा राहिला. हा मनोरा म्हणजे नेदरलँड्सच्या नकाशांच्या चौकटीचा मूळ बिंदू. अख्ख्या देशाच्या आडव्या-उभ्या अंतरांची मोजणी इथून धरली गेली. मोंद्रियानच्या जन्मगावी हे असावं हा निव्वळ योगायोग आहे, आणि त्याच्या रेषांशी त्याचा काही संबंध नाही. तरी मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघताना मला ते आवडलं, एवढंच.

बुधवार, विंटरस्वाइक

देशाच्या पूर्व टोकाला, जर्मन सीमेच्या अलीकडे हे गाव. मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसावं लागतं. मोंद्रियानच्या वडिलांची 1880 मध्ये इथल्या शाळेवर बदली झाली, तेव्हा पीट आठ वर्षांचा होता. हे घर आता व्हिला मोंद्रियान नावाने 2013 पासून लोकांना खुलं आहे.

मोंद्रियानबद्दल बोलताना एक वाक्य नेहमी कानावर येतं: हॉलंड सपाट, कालवे सरळ, शेतं चौकोनी, म्हणून त्याची चित्रंही तशीच. गाडीच्या खिडकीतून मला वेगळंच दिसत होतं. या भागात जमीन हलकी वर-खाली होते, शेतांच्या कडेने झाडांच्या रांगा, मध्येच राई, वळणाचे ओढे. तो ज्या मुलूखात वाढला तिथे सरळ रेषा शोधाव्या लागतात. त्यामुळे ‘सपाट देशाचा चौकोनी चित्रकार’ हे स्पष्टीकरण मला कधीच पटणार नाही.

उन्हाळ्यात त्याचा काका फ्रिट्स इथे यायचा. तो हेग पंथाच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या डच निसर्गचित्रकारांच्या वळणाने निसर्गचित्रं काढायचा. पुतण्याला घेऊन तो रानात बसे. वडिलांकडून रेखाटन आणि काकाकडून रंग, असं त्याचं शिक्षण घरातच सुरू झालं. 1889 मध्ये त्याने प्राथमिक शाळेत आणि 1892 मध्ये माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवण्याची पदविका मिळवली. म्हणजे कागदोपत्री तो माझ्याच पेशाचा. शिक्षकी मात्र त्याने पत्करली नाही. 1892 च्या अखेरीस तो आम्स्टरडॅमच्या सरकारी कला अकादमीत दाखल झाला.

गावच्या याकोब चर्चसमोर बराच वेळ बसले. 1898 मध्ये त्याने हेच चर्च रंगवलं. त्या चित्रात चर्च थेट दिसत नाही, पुढच्या झाडाच्या फांद्यांच्या जाळीतून दिसतं. फांद्या आणि भिंत एकाच पातळीवर येतात, पुढचं काय आणि मागचं काय हा प्रश्न डोळ्याला पडतो. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असल्यामुळे जुन्या चित्रात खुणा शोधण्याचा मोह होतो, हे मान्य. पण ती जाळी तिथे आहे.

गुरुवार, आबकाउडे

आम्स्टरडॅमच्या दक्षिणेला खेन नावाची लहानशी नदी आहे. नदी म्हणावी इतकी रुंद नाही, पाणी संथ, काठाला वाट, वाटेवर सायकली. मोंद्रियान शहरातून इथे येऊन काम करायचा. ओस्टझेइड्सं मोलन ही पवनचक्की त्याने वेगवेगळ्या प्रकाशात, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा रंगवली. ती अजून उभी आहे.

भाची बरोबर होती. काठावर बसून पोळी-चटणी खाल्ली. ती म्हणाली, “मावशी, हे एवढंसं दृश्य, आणि त्यावर एवढी चित्रं?” मी तिला पाण्याकडे बघायला सांगितलं. चक्की वर आहे तशी खाली उलटी दिसत होती. काठाची आडवी रेघ मधोमध, आणि चक्की, झाडं, सगळं त्या रेघेच्या वर आणि खाली सारखं पसरलेलं. संध्याकाळ होत आली तशी पानं, विटा, खिडक्या पुसट झाल्या आणि गडद आकार तेवढे उरले. 1907-08 च्या सुमारास मोंद्रियान मुद्दाम संध्याकाळी आणि चांदण्यात काम करत होता. उजेड कमी झाला की तपशील आपोआप गळतो. गाळायचं काय हे त्याला आधी संध्याकाळने शिकवलं, असं मला त्या काठावर वाटलं.

परतताना आम्स्टरडॅममध्ये उतरलो. 1909 च्या जानेवारीत इथल्या स्टेडेलिक संग्रहालयात त्याने यान स्लाउटर्स आणि कॉर्नेलिस स्पोर यांच्यासोबत प्रदर्शन मांडलं. त्यातल्या तापट रंगांवर समीक्षक तुटून पडले. त्याच वर्षी तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. आपल्याकडच्या वाचकांना हा धागा जवळचा वाटेल. सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, तिथूनच त्यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केलं आणि 1882 च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला गेले. दिसणाऱ्या वस्तूच्या पलीकडे एक नियम आहे आणि तो उमजून घेता येतो, ही त्यांची शिकवण मोंद्रियानने मनापासून घेतली. त्यातून त्याने 1911 च्या सुमारास ‘उत्क्रांती’ हे तीन फलकांचं मोठं चित्र केलं. त्यात डोळे मिटलेल्या, उघडलेल्या ताठ बायका आहेत. मला ते चित्र जड वाटतं. तत्त्व सांगायला त्याने माणसाचं शरीर वापरलं, आणि शरीर त्याला साथ देईना. त्यापेक्षा झाडाने आणि समुद्राने त्याला कितीतरी जास्त दिलं.

शुक्रवार आणि शनिवार, डॉम्बुर्ग

मिडलबर्गपर्यंत रेल्वे, पुढे बस. झीलंड प्रांतातलं हे समुद्राकाठचं गाव म्हणजे माझ्या दृष्टीने या प्रवासाचं काळीज. मोंद्रियान 1908 पासून इथे येत राहिला. इथे यान तोरोप होता, जावा बेटावर जन्मलेला, त्याच्याहून वयाने मोठा आणि नावाजलेला चित्रकार. ठिपक्यांनी आणि तुटक फटकाऱ्यांनी प्रकाश रंगवण्याची रीत त्याच्या भोवतालच्या मंडळींत होती. मोंद्रियानच्या फलकावरचे करडे-तपकिरी रंग इथे येऊन उजळले. वाळूच्या टेकड्या गुलाबी आणि निळ्या झाल्या, चर्चचा मनोरा गुलाबी झाला.

गावातला तो मनोरा विटांचा आहे, ठेंगणा आणि भक्कम. मी त्याला प्रदक्षिणा घातली. चित्रात तो जेवढा भव्य दिसतो तेवढा प्रत्यक्षात नाही, कारण मोंद्रियानने पायथ्याशी उभं राहून वर बघत तो चित्रभर चढवला आहे. पुढे 1914 पर्यंत तो याच चर्चच्या दर्शनी भागाकडे परत येत राहिला, आणि दर वेळी खिडकी, कमान, छत यांतलं काहीतरी कमी होत गेलं. शेवटी उरल्या आडव्या-उभ्या छोट्या रेघा आणि कमानींचे काही तुकडे.

संध्याकाळी टेकडी चढून समुद्रावर गेले. वारा इतका की बोलता येत नव्हतं. या किनाऱ्यावर लाकडी खांबांच्या रांगा वाळूतून थेट पाण्यात गेल्या आहेत, लाटांचा जोर मोडण्यासाठी. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यांवर मी असं कधी पाहिलेलं नाही. खांब ओले, काळे, खाली शेवाळ आणि शिंपल्यांनी भरलेले. रांगेच्या टोकाशी उभं राहून समुद्राकडे पाहिलं की खांब उभे दिसतात आणि रांग मात्र सरळ क्षितिजाकडे धावते. आडव्या लाटा येतात, खांबांवर फुटतात. उभं आणि आडवं, पुन्हा पुन्हा, आणि दोन ठिकाणी कधीच सारखं नाही. चकाकणारं पाणी लहान लहान तुकड्यांत तुटतं. 1914-15 मध्ये त्याने कोळशाने जी ‘धक्का आणि समुद्र’ ही रेखाटनं केली त्यांत नेमकं हेच आहे: लंबगोलात भरलेल्या अधिक-उण्याच्या खुणा, आणि खालून मध्यभागी वर येणाऱ्या उभ्या रेघा. वहीत तसं काढून बघितलं. बघून काढताना हाताला कळलं की त्या खुणा म्हणजे लाटेचं चिन्ह नाही. डोळा जितक्या वेगाने उडत होता, तितक्या वेगाने हाताने टिपलेली ती नोंद आहे.

रात्र एका छोट्या खाणावळीवजा हॉटेलात काढली. सकाळी बेकरीतून बोलुस घेतला. दालचिनी आणि गडद साखरेत लोळवलेला हा चिकट पाव झीलंडची खासियत आहे. शनिवार बहुतेक परतीच्या गाडीत गेला.

मधली एक गोष्ट इथेच सांगून टाकते. 1911 च्या शरद ऋतूत आम्स्टरडॅमला मॉडर्न कुन्स्टक्रिंग या कलावंतांच्या मंडळाच्या प्रदर्शनात त्याने पिकासो आणि ब्राकची घनवादी चित्रं पाहिली. काही महिन्यांत तो पॅरिसला गेला, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि आडनावातला एक ‘ए’ कमी केला. 1914 च्या उन्हाळ्यात आजारी वडिलांना भेटायला तो नेदरलँड्सला आला, आणि महायुद्ध सुरू झालं. पॅरिसचा रस्ता बंद. वडील 1915 मध्ये गेले. 1919 पर्यंत तो इथेच, लारन आणि आसपासच्या गावांत राहिला. म्हणजे समुद्राची ती रेखाटनं आणि त्यापुढची मोठी उडी, हे सगळं त्या अडकलेल्या पाच वर्षांतलं.

रविवार, ऑटरलो

एडं-वाखनिंगनला उतरून बस, मग होखं व्हेल्युवं अभयारण्याच्या दारातून पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. त्या घेऊन झाडीतून क्रोलर-म्युलर संग्रहालयापर्यंत गेलो. भारतीय पर्यटक इथे व्हॅन गॉगसाठी येतात, आणि यायलाच हवं. पण पुढच्या दालनांत जाऊन मोंद्रियान न बघता कुणी परतू नये.

1915 ची ‘रचना 10’ इथे आहे. डॉम्बुर्गच्या समुद्राची रेखाटनं जिथे येऊन ठरली ते हे काळं-पांढरं तैलचित्र. दोन दिवसांपूर्वी तोच समुद्र पाहिल्यामुळे मला त्यात पाणी दिसत होतं. जवळच 1917 ची ‘रेषांची रचना’. तीत काळे छोटे पट्टे आडवे-उभे पसरलेले, आणि आता पाणी नाही, खांब नाही, काहीच नाही. या दोन चित्रांमध्ये जेमतेम दोन वर्षं आहेत, पण इथे काहीतरी मुळातून बदललं आहे. पहिलं चित्र एका वस्तूतून कमी करत करत आलेलं, दुसरं रिकाम्या कापडावर नव्याने रचलेलं. मोंद्रियानला समजून घेताना ही पायरी नीट पाहायला हवी. झाडाचे चौकोन झाले, असं सरसकट सांगितलं जातं ते चूक आहे. झाडाने त्याला एका दारापर्यंत आणलं. दारापलीकडे झाड आलं नाही.

लारनमध्ये त्याच्या शेजाराला दोन माणसं होती. बार्ट व्हान डर लेक सपाट, शुद्ध रंगाचे तुकडे पांढऱ्यावर मांडत होता. त्याची चित्रं या संग्रहालयात भरपूर आहेत, आणि ती बघितली की मोंद्रियानने त्याच्याकडून काय घेतलं हे उघड दिसतं. दुसरा स्खूनमाकर्स हा विचारवंत, जो पिवळा, निळा आणि लाल हेच मूळ रंग आणि आडवं-उभं हाच विश्वाचा मूळ विरोध, असं मांडत होता. 1917 च्या ऑक्टोबरात थेओ व्हान डूसबर्ग या चित्रकाराने ‘डं स्टाइल’ मासिक काढलं आणि मोंद्रियान त्यात सुरुवातीपासून लिहू लागला. पुढे व्हान डूसबर्गने चित्रात तिरपी रेषा आणली आणि या दोघांचं बिनसलं.

मंगळवार, हेग

सोमवारी संग्रहालयं बंद, म्हणून विश्रांती. आज शेवटचा आणि मोठा मुक्काम. हेगच्या कुन्स्टम्युझियमची पिवळसर विटांची इमारत वास्तुकार बेर्लागंची, 1935 ची. मोंद्रियानचा जगातला सर्वात मोठा संग्रह इथे आहे, सुमारे 300 कामं. यातला फार मोठा भाग सालोमोन स्लेइपर या त्याच्या चाहत्याचा. त्याने मोंद्रियानची सुरुवातीची चित्रं जपून ठेवली आणि 1971 मध्ये ती या संग्रहालयाला मिळाली. तो माणूस नसता तर आज ही वाट इतकी सलग दिसलीच नसती.

लाल झाड, करडं झाड आणि फुललेलं सफरचंदाचं झाड मी जुन्या छपाईत कितीदा पाहिली असतील. समोर उभं राहिल्यावर करड्या झाडाने मला धरून ठेवलं. 1911 चं हे चित्र मीटरभर रुंद आहे. छपाईत फांद्या दिसतात आणि मागे करडं आभाळ. प्रत्यक्षात फांद्यांमधल्या मोकळ्या जागांमध्ये रंग जाड आहे, आणि त्या रंगाच्या फटकाऱ्यांची दिशा प्रत्येक फटीत वेगळी आहे. मोकळी जागा त्याने फांदीइतक्याच मेहनतीने बांधली. शाळेत आम्ही ‘आकृती’ आणि ‘पार्श्वभूमी’ असं शिकवतो. इथे पार्श्वभूमी नावाची गोष्टच उरली नाही.

पुढच्या दालनात 1919 चे दोन बुद्धिबळपट, एक गडद रंगांचा, एक फिक्या रंगांचा. कापडाचे 16 गुणिले 16 असे समान आयत आणि त्यांत रंग. इतका नियमित जाळीदार तो आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. जाळी समान असली की डोळ्याला काम उरत नाही, हे त्याने इथे करून पाहिलं आणि सोडलं. 1920-21 पासून रेषा असमान अंतरावर गेल्या, रंग कडेला सरकले, मध्ये मोठा पांढरा आला, आणि आपण ज्याला मोंद्रियान म्हणून ओळखतो तो तयार झाला. वय 48-49.

1921 च्या मोठ्या लाल आयताच्या चित्रापुढे नाक लावून उभी राहिले, म्हणजे पहारेकऱ्याला चालेल तितक्या जवळ. पांढरा एक नाही. एक निळसर, एक करड्याकडे झुकणारा. पांढऱ्यातले कुंचल्याचे फटकारे एका चौकोनात आडवे, शेजारी उभे. काळी रेषा रंगाच्या वर काढलेली नाही. कडेचा पांढरा आणि रंग तिच्यापर्यंत आणून थांबवले आहेत. काही रेषा कडेपर्यंत जातच नाहीत, अलीकडेच संपतात. आणि रेषांची जाडी वेगवेगळी. गणिताने हे येत नाही. रेषा किती सरकवायची, पट्टा किती जाड करायचा, हे तो बघून ठरवायचा, खोडायचा, पुन्हा रंगवायचा. आम्ही मुलांच्या हातात कंपासपेटी देऊन ‘भौमितिक’ शिकवतो. ही भूमिती डोळ्याची आहे, आणि पुढच्या सत्रात मी वर्गात पट्टी बाजूला ठेवून, काळ्या कागदाच्या पट्ट्या सरकवत हाच धडा घेणार आहे.

एका दालनात 1933 चं कोनावर उभं टांगलेलं पांढरं चित्र आहे, चार पिवळ्या रेषांचं. कुठेही छेद नाही, रेषा चित्राबाहेर कुठेतरी एकमेकींना भेटत असाव्यात असं वाटत राहतं. इतक्या थोड्यात इतकं मोठं काही मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

शेवटी ‘व्हिक्टरी बूगी वूगी’. युद्धामुळे तो 1938 मध्ये लंडनला आणि 1940 मध्ये न्यू यॉर्कला गेला. जॅझ आणि नाच त्याला आयुष्यभर आवडले, आणि त्या शहरात त्याच्या काळ्या रेषाच गळून पडल्या. इथे रेषेच्या जागी छोट्या रंगीत चौकोनांच्या धावत्या साखळ्या आहेत. चित्र अपुरं आहे. जवळून पाहिलं तर कापडावर रंगीत कागदाचे आणि चिकटपट्टीचे तुकडे अजून तसेच आहेत, काही वाकडे, काहींच्या कडा उचललेल्या. रंग देण्याआधी तो ते चिकटवून, काढून, पुन्हा चिकटवून बघायचा, पॅरिसच्या भिंतीवर पुठ्ठे हलवायचा तसाच. न्युमोनियाने 1 फेब्रुवारी 1944 रोजी तो गेला. 1998 मध्ये डच लोकांसाठी हे चित्र सुमारे 8 कोटी गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) विकत घेतलं गेलं तेव्हा देशात मोठा वाद झाला होता.

भाचीने विचारलं, “मावशी, अजून जगला असता तर हे पुरं झालं असतं का?” मला नाही वाटत. जानेवारीत चित्र जवळपास झालेलं असताना त्याने ते पुन्हा उघडलं होतं आणि पट्ट्या लावायला घेतल्या होत्या. आणखी महिना मिळाला असता तर त्याने त्या पुन्हा हलवल्या असत्या. आम्ही तिथे बाकावर बसून, कोणती पट्टी कुठे सरकवता येईल यावर संग्रहालय बंद होण्याची घंटा होईपर्यंत वाद घातला.